एमजीबीला अ‍ॅल्युमिनियमचे हेड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या एमजीबीच्या (ब्रिटिश बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार) एग्झॉस्ट व्हॉल्व्हचे टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणाऱ्या रॉकरमधली फट, दर तपासणीला थोडे कमी भरू लागले, तेव्हाच हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, संशय घ्यायला हवा होता. क्लिअरन्स वाढण्याऐवजी घटत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो ज्या कड्यावर बसतो त्यात, खोल उतरत चालला आहे असे समजावे. शिसेविरहित पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या बिडाच्या हेडांचे हे ठरलेले दुखणे आहे, कारण पेट्रोलमधले शिसे सीटवर जो संरक्षक थर धरत असे, तो आता मिळत नाही. केवळ एवढेच असते तर कठीण सीट बसवून मी जुनेच हेड वापरले असते. पण हेड उतरवून धुतल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भागात केसासारखा तडा दिसला आणि प्रश्न मिटला.

१७९८ सीसीच्या या बी-सिरीज इंजिनाला हेडच अडवते. चार सिलिंडरांना मिळून इनटेकचे (मिश्रण आत येण्याचे) दोनच पोर्ट आणि एग्झॉस्टचे (धूर बाहेर जाण्याचे) तीन, त्यांतला मधला दोघांत सामायिक. शिवाय कार्ब्युरेटर आणि एग्झॉस्ट एकाच बाजूला. मी घेतलेले हेड याच पाच पोर्टांच्या रचनेचे आहे, त्यामुळे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (पोर्टांना जोडणाऱ्या नळ्या) जसेच्या तसे बसले. इनटेक एका बाजूला आणि एग्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असलेल्या क्रॉसफ्लो हेडने ताकद अधिक दिली असती, पण त्यासाठी इनटेकची सगळी मांडणी बदलावी लागली असती आणि बॉनेटखालचे इंजिन ओळखीचे राहिले नसते. (मोह झाला नाही असे म्हणणार नाही.)

नवे हेड खोक्यातून काढून थेट बसवू नये, हे मात्र आग्रहाने सांगतो. चेंबरवर छिद्र पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवली आणि ब्युरेटने पातळ तेल सोडून चारही चेंबर मोजले, तेव्हा सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चेंबरमध्ये पाऊण घन सेंटीमीटरचा फरक निघाला. तो क्षुल्लक वाटतो, पण प्रत्येक सिलिंडर सुमारे ४५० घन सेंटीमीटरचा असल्याने ८.८ च्या कॉम्प्रेशनला (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) पिस्टनच्या वर साधारण ५७.६ घन सेंटीमीटर जागा उरते, आणि त्यातली पाचेक कमी झाली की आकडा थेट ९.५ च्या घरात जातो. माझे कॉम्प्रेशन थोडे वाढले, म्हणून इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन अंश मागे घेतले. तेव्हा कुठे चढावर होणारे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याने होणारी ठकठक) थांबले.

ताकदीबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे तर पहिल्या दिवशी निराशाच झाली. ३००० आरपीएमच्या आसपास इंजिन अडखळत होते आणि प्लग पांढरे पडत होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. कार्ब्युरेटरच्या सुया बदलून मिश्रणात पेट्रोल जरा सढळ केल्यावर तो अडखळा गेला, आणि आता चौथ्या गिअरमध्ये खालून उचल घेताना गाडी पूर्वीइतकी कुरकुरत नाही. वरच्या आरपीएमला फरक जाणवतो, पण बेताचाच. गर्दीत तापमानाचा काटा पूर्वीसारखा चढत नाही हेही खरे, मात्र त्याच वेळी मी रेडिएटरही साफ करून घेतला होता, तेव्हा सगळे श्रेय अ‍ॅल्युमिनियमला देणे बरोबर होणार नाही.

साधारण ५०० किलोमीटरनंतर मागच्या कोपऱ्यात, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, वाळलेल्या कूलंटचा हिरवट डाग दिसला. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात गॅस्केट थोडी आणखी दबते. हे ठाऊक असूनही फेरटॉर्क, म्हणजे नट ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळणे, मी लांबणीवर टाकला होता, तेव्हा चूक माझीच. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले आणि एकेक नट किंचित सैल करून क्रमाने पुन्हा ५० फूट-पौंडांवर आणला. मागचे दोन नट जवळजवळ एक-अष्टमांश वळसा फिरले. रॉकरच्या आधारांमधून जाणारे स्टडही हेड धरतात, म्हणून या कामानंतर टॅपेट नव्याने लावणे भाग असते. डाग पुन्हा आला नाही.

टॅपेटचा आवाज मात्र राहिला आहे, तोही इंजिन गरम झाल्यावर. हेड जितके उंचावते तितके पोलादी पुशरॉड (रॉकरला ढकलणाऱ्या दांड्या) लांबत नाहीत, त्यामुळे गरम इंजिनात क्लिअरन्स वाढते. मी थंड असताना ठेवायचे ०.०१५ इंच ०.०१३ वर आणले, आणि त्यानंतरची टिकटिक सहन होण्याजोगी आहे. कूलंटमध्ये गंजरोधक नसेल तर दोन धातूंच्या संगतीत अ‍ॅल्युमिनियमच झिजते, म्हणून नुसते पाणी घालणे मी बंद केले. प्लग हाताने पूर्ण फिरवल्याशिवाय पाना लावत नाही, कारण इथले आटे बिडासारखे चुका पोटात घालत नाहीत.

गेल्या आठवड्यात, ४,००० किलोमीटर झाल्यावर, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) घेऊन आठही व्हॉल्व्ह तपासले. एग्झॉस्टचे चारही ०.०१३ वरच होते.