फोर्ट कोचीत मासे विकत घेऊन शिजवून घेणार असाल तर

केरळच्या सहलीत फोर्ट कोची असतंच, आणि संध्याकाळी किनाऱ्यावरची चिनी जाळी बघून झाली की तिथंच मासे खायचा बेतही असतो. जाळ्यांच्या बाजूलाच मासळीचे ठेले लागतात. मासा आपण निवडायचा, वजन करून पैसे द्यायचे आणि जवळच्या हॉटेलात तो हवा तसा करून घ्यायचा. ऐकायला फार छान वाटतं. पण ठेला ते तवा या मधल्या वाटेत आमचा मासाच बदलला गेला. आपल्याकडची पुष्कळ मंडळी तिथे जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची वहिनी वेंगुर्ल्याची. कल्ले उचलून, डोळे बघून, बोटाने दाबून तिने एक सुरमई पसंत केली आणि बारा मोठ्या टायगर कोळंब्या निवडल्या. ठेलेवाला ओल्या टोपलीसकट वजन करत होता. वहिनीने टोपली काढायला लावली, तसा काट्यावरचा आकडा चांगलाच खाली आला. तेवढं जमलं. मग ठेल्यावरच्या पोराने पिशवी उचलली, "आप बैठो, मैं किचन में देता हूँ" म्हणाला आणि मागच्या गल्लीत दिसेनासा झाला.

पाऊण तासाने ताटं आली. वहिनीने तुकडा उलटा केला, मसाला बोटाने बाजूला सारला आणि म्हणाली, "ही इसवण न्हय." इसवण म्हणजे सुरमईच. कातडीवर खवल्यांचे ठसे स्पष्ट दिसत होते. सुरमईची कातडी गुळगुळीत असते, हाताला लागतील असे खवले तिला नसतातच. शिवाय एका घासात तीन बारीक काटे. कोळंब्या मोजल्या तर नऊ, आणि त्याही लहान. टायगरच्या पाठीवरचे पट्टे शिजल्यावरही ओळखू येतात. इथे एकीवरही पट्टा नव्हता.

हॉटेलवाला म्हणाला, "आम्ही फक्त शिजवतो, आलं ते केलं, ठेल्यावर विचारा." ठेलेवाला म्हणाला, "मी बरोबर दिलं, हॉटेलात विचारा." पोरगा तोवर गायब. या धंद्याची सगळी मेख इथेच आहे: पैसे दोघांनी घ्यायचे आणि जबाबदारी एकानेही नाही. त्यातून शिजवण्याचा दर किलोमागे सांगितला होता, बिलात तो प्लेटमागे लावला. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. हा चार्ज बिलात परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. हे सांगितल्यावर तेवढी रक्कम मुकाट्याने कमी झाली. माशाचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तिथे मासे घ्यायचेच असतील तर पिशवी स्वतःच्या हातात ठेवा आणि स्वतः स्वयंपाकघरापर्यंत न्या. साफ करून तुकडे होईपर्यंत तिथेच उभं राहा; डोकं आणि शेपटी रश्श्यात घालायला सांगा, म्हणजे मासा ओळखता येतो. काट्यावर वजन होताना फोटो काढा. काट्याला वजनकाटे तपासणाऱ्या वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का, तेही बघा. शिजवण्याचा दर हॉटेलवाल्याकडून कागदावर लिहून घ्या. यातलं काही करू देत नसतील तर सरळ उठा.

आणखी एक. ती मासळी समोरच्या जाळ्यांतलीच असते, असं समजू नका. जाळ्यांत निघतं ते थोडं. ठेल्यावरचं बरंचसं बंदरावरून येतं. 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत केरळात ट्रॉलर बंद असतात, तेव्हा बाहेरच्या राज्यांतली मासळी मोठ्या प्रमाणावर येते. 2018 च्या जूनमध्ये केरळच्या अन्नसुरक्षा विभागाने 'ऑपरेशन सागर राणी'त फॉर्मलिन हे घातक रसायन लावलेली मासळी पकडली होती, तीही याच दिवसांत. पावसाळ्यात गेलात तर मोठ्या माशाचा हट्ट धरू नका.

खरं तर कोचीत चांगलं खायला पाण्याकाठी बसावं लागतच नाही. मट्टनचेरीत 'कायीज'ची बिर्याणी खा, दुपारी जरा लवकर जा. एर्नाकुलमला महात्मा गांधी रोडवर 'ग्रँड' हॉटेलात करीमीन पोळ्ळिच्चतु मिळतं, म्हणजे करीमीन हा मासा केळीच्या पानात मसाल्यासकट भाजलेला. तिथे मेन्यूवर दर छापलेला असतो आणि मासा त्यांचाच, त्यामुळे जबाबदारीही त्यांचीच. साध्या खाणावळीत दुपारचं 'ऊण' मागितलं तर भात, भाज्या आणि लालभडक मीन करी मिळते, शेजारी कामगार जेवत असतात.

कुणी फसवलंच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी बिल हातात असलेलं बरं, आणि ठेलेवाला बिल देत नाही. म्हणून पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या. निदान कुणाला आणि किती दिले, याची नोंद तरी राहते.