‘हंगेरियन लोककथा’ : आवाजासाठी पाहावी अशी मालिका

हंगेरियन अभिनेते सॉबो द्युला (1930–2014) यांनी रंगभूमी आणि चित्रपट दोन्ही गाजवले. ‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेतल्या गुप्तहेराच्या तोंडी हंगेरीत त्यांचाच आवाज लोकांना आठवतो. त्यांचं खरं बळ मात्र ‘मॉद्यॉर नेपमेशेक’ (म्हणजे ‘हंगेरियन लोककथा’) या ॲनिमेशन मालिकेत ऐकू येतं. हंगेरीतल्या केच्केमेत शहराच्या स्टुडिओत घडलेले हे 100 भाग 1977 ते 2012 या काळातले. प्रमुख दिग्दर्शक यॉन्कोविच मार्त्सेल, संगीत कॉलाका या वाद्यवृंदाचं. बहुतेक भाग आठेक मिनिटांचे आहेत.

अधिकृत यूट्यूब वाहिनीवर हंगेरियन आणि इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्या मोफत मिळतात. हंगेरियनच निवडा. या भाषेत प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो, आणि कथनाची सगळी लय त्यावर उभी आहे. इंग्रजीत कथा नीट कळते, पण ठेका जातो.

सुरुवात तण आणि चिमणपाखराच्या कथेपासून करावी. ‘मला झोका दे’ म्हणणाऱ्या पाखराला तण नकार देतं. मग पाखरू बकरीला तण खायला सांगतं, ती ऐकत नाही म्हणून लांडग्याला बकरी खायला सांगतं, आणि असंच पुढे: गाव, आग, पाणी, बैल, सोटा, किडा, सगळेच नाही म्हणतात. शेवटी कोंबडा तयार होतो आणि साखळी उलटी धावू लागते. अशा साखळीकथेत निवेदक एका सुरात बोलला की तिसऱ्या नकारालाच कंटाळा येतो. या मालिकेत सहसा एकच निवेदक सगळी पात्रं बोलतो, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर. सॉबो आवाज पिळून सोंगं काढत नाहीत. वेग, श्वास आणि थांबा एवढ्यावरच त्यांचं पात्र बदलतं, तेही आजोबांचा गावरान सूर न सोडता. हे जमणं फार अवघड आहे!

स्वयंचलित उपशीर्षकांवर विसंबू नका. हंगेरियनमध्ये तो-ती असा भेदच नाही, स्त्री-पुरुष दोघांना एकच सर्वनाम. त्यामुळे यांत्रिक भाषांतरात राजकन्येचा मध्येच ‘तो’ होतो. आधी इंग्रजी भाग पाहून कथा समजून घ्यावी, मग तोच भाग हंगेरियनमध्ये ऐकावा. दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटले तरी चालतं, पण चित्रं सोडवत नाहीत: नक्षी त्या त्या प्रांताच्या लोककलेतून घेतलेली आहे.

सगळे भाग सॉबोंच्या आवाजात नाहीत, विशेषतः नंतरचे. त्यांच्यासाठीच पाहायचं असेल तर पहिल्या पर्वापासून क्रमानं जा.