फ्रेंच फॉरेन लीजन की आपली पॅरा रेजिमेंट?

परभणीच्या मैदानावर पहाटे १६०० मीटरची धाव संपवून मुले घामेजल्या अंगाने बुटांच्या नाड्या सोडत बसतात, तेव्हा हल्ली हा प्रश्न हमखास निघतो.

१८३१ मध्ये स्थापन झालेल्या लीजनमध्ये, म्हणजे परदेशी सैनिक घेणाऱ्या फ्रेंच सैन्यातल्या दलात, साडेसतरा ते साडेएकोणचाळीस वर्षे वयाचा कोणत्याही देशाचा पुरुष स्वेच्छेने भरतीसाठी जाऊ शकतो. त्यासाठी शुल्क नसते, फक्त फ्रान्सपर्यंत स्वखर्चाने जावे लागते, म्हणून ‘आत घालतो’ असे सांगणाऱ्या दलालासाठी कुणी शेत गहाण टाकू नये, हे मी कळकळीने सांगतो. पहिला करार ५ वर्षांचा असतो, हुकूम फ्रेंचमध्ये सुटतात आणि ३ वर्षांच्या सेवेनंतर फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने ते घेताच आपले नागरिकत्व जाते.

पॅरामध्ये, म्हणजे भारतीय सैन्याच्या पॅराशूटने उतरणाऱ्या रेजिमेंटमध्ये, स्वेच्छेने खडतर प्रोबेशन पार करावे लागते, तेव्हा कुठे ती मरून रंगाची टोपी मिळते. पण सैन्यात आता जवान म्हणून भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी ४ वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, ही बाजू लंगडी आहे. तरीही माझा कौल पॅरालाच आहे, कारण वडील आजारी पडल्याचा निरोप आला आणि रजा मिळाली, तर उत्तरेत नेमणूक असली तरी अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस थेट नांदेडला येते.