बोलेरोला बसवलेले जादा लाइट: पावसाळा आणि ऊस हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

माझा मोटर रिवाइंडिंगचा धंदा, कोल्हापुरात उद्यमनगरात. हंगाम सुरू झाला की कळे, साळवण, राधानगरी या पट्ट्यातल्या गुऱ्हाळघरांचे फोन रात्री-अपरात्री येतात. घाण्याची मोटर जळाली की गुऱ्हाळ जागेवर थांबतं, तोडलेला ऊस वाळत पडतो, त्यामुळे 'सकाळी येतो' म्हणून चालत नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या पाणी-पंपांची कामं असतात. म्हणजे वर्षातला बराच काळ माझं ड्रायव्हिंग रात्रीचंच.

गाडी जुनी बोलेरो, एच४ हॅलोजन बल्बची. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन कामं केली: हेडलाइटला रिलेची (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) वायरिंग, बंपरखाली रुंद झोताचे पिवळे फॉग लॅम्प आणि ग्रीलपुढे लांबवर उजेड टाकणारे दोन एलईडी ड्रायव्हिंग लाइट. पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा ऊस हंगाम या लाइटवर काढला. ओळखीचे लोक सारखे विचारतात, "कुठले लाइट घेऊ?" म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक हिशोब, कारण तो डोक्यात नसेल तर दुकानातला सगळ्यात भगभगीत लाइटच चांगला वाटतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर २० आणि ओल्यावर ३५ मीटर धरा. एकूण ४५ ते ६०. ताशी ८० ला हेच अंतर ७० ते ९५ मीटरवर जातं. आणि डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतावर, अंगावर रिफ्लेक्टर नसलेली काळपट वस्तू साधारण ५०-६० मीटरवरून दिसते, तीही हेडलाइट धड असेल तर. ताशी ८० ने डिपरवर जाणारा माणूस जिथे थांबू शकत नाही तिथपर्यंतच बघत असतो. जादा लाइट घ्यायचे ते हे अंतर भरून काढायला.

आमच्या रस्त्यावर ही काळपट वस्तू म्हणजे काय ते हंगामात कोल्हापूर जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर मोळ्या रचलेल्या, आणि मागे वाढे (उसाचे शेंडे) असे लोंबतात की फाळक्यावरचा, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या फळीवरचा, लाल दिवा असला तरी झाकला जातो. वाळलेल्या पाचटावर पडलेला उजेड नीट परत येत नाही. मागून बघणाऱ्याला रस्त्यावर अंधाराचाच एक तुकडा दाट झाल्यासारखा दिसतो, आणि तो ओळखू येईपर्यंत आपण जवळ पोचलेलो असतो. बैलगाडीचं तसंच. समोरून बैलांचे डोळे चमकतात, मागून काही नाही. त्यात टायर पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी, चाकाला दगड लावलेले. ट्रॉली गेली तरी दगड तिथेच.

राधानगरीच्या पुढे दाजीपूरकडे वळलं की गवे. गव्याचं अंग काळसर, ते उजेड पिऊन टाकतं. पण चारही पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो. डिपरवर आधी दिसतात ते हे पांढरे पाय. रस्त्यात खालच्या बाजूला फिकट काहीतरी हलतंय असं वाटलं की मी गाडी थांबवतो. वरचं धूड नंतर दिसतं.

आता वायरिंग. जादा लाइट घेण्याआधी प्रत्येकाने हे काम करावं असं माझं ठाम मत आहे. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून बल्बपर्यंत जातो. वायर बारीक, जोड जुने. माझ्याकडे मीटर रोज हातात असतो, म्हणून मोजलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट, आणि डिपर लावून बल्बच्या सॉकेटवर १२.३. हॅलोजनचं गणित कडक आहे: व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. म्हणजे माझ्या हेडलाइटचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड वायरीतच जात होता. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मग रिले, तिथून बल्ब. रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५-८६ ला जुन्या स्विचची वायर आणि अर्थिंग. सॉकेटवर १३.७ आले. बल्ब तेच, ६०/५५ वॅटचे (अप्परला ६०, डिपरला ५५). तयार किट हजाराच्या आत मिळालं. एवढं करूनच कित्येकांना पुढचं काही घ्यावं लागणार नाही.

याऐवजी १००/९० चे बल्ब बसवायचा सल्ला बरेच जण देतात. अजिबात ऐकू नका. ६० वॅटला पाच अँपिअर लागतो तिथे १०० वॅटला आठच्या वर जातो, प्लास्टिकचं सॉकेट वितळतं, रिफ्लेक्टर काळा पडतो, आणि रस्त्यावर ते मान्यही नाहीत. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबण्याचंही तेच. रिफ्लेक्टरची घडण फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिपा त्या जागी त्या आकारात नसतात, मग झोत फाटतो: गाडीपुढे दहा-पंधरा मीटर लख्ख, समोरच्याच्या डोळ्यांत भाला, आणि लांबचा रस्ता आधीपेक्षा काळोखात. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. चालवणाऱ्याला मात्र वाटतं उजेड वाढला.

फॉग लॅम्पबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. गगनबावड्यात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, आणि पुढे करूळ किंवा भुईबावडा घाटाच्या तोंडाशी तर बोनेटच्या पुढचं दिसत नाही. तिथे अप्पर, म्हणजे लांब जाणारा सरळ झोत, लावला की सगळी पांढरी भिंत समोर येते. कारण झोत डोळ्यासमोरच्या धुक्यावर आपटून परत येतो. फॉग लॅम्पचा झोत खाली, रुंद आणि वरून सुरीने कापल्यासारखा सपाट असतो. तो जमिनीलगत जातो, साईडपट्टीची कड आणि पांढरा पट्टा दिसत राहतो. बंपरखाली जितका खाली बसवाल तितका फायदा, फक्त दगड लागणार नाही एवढं बघा.

पिवळा रंग धुकं भेदतो, हा समज मात्र खरा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे निळा काय, पिवळा काय, सगळे सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असण्याची सक्ती होती, नंतर ती उठली. तरीही मी ३००० केल्विनचे (हा आकडा जितका कमी तितका रंग पिवळा) घेतले ते निळसर भाग कमी असल्यामुळे डोळ्यांना तिरीप कमी लागते म्हणून. तासभर पावसात चालवल्यावर ६५०० केल्विनच्या पांढऱ्यापेक्षा डोळे कमी थकतात, हा माझा अनुभव. धुक्यात खरं काम मात्र झोताचा आकार करतो.

पण फॉग लॅम्पने लांबचं दिसत नाही. २०-३० मीटरच्या पुढे त्याची अपेक्षा ठेवू नये. धुकं नसताना ते लावून वेगात जाणं म्हणजे पायाजवळ उजेड पाडून पळणं. बालिंग्यापासून पुढे मोकळ्या हवेत मी ते बंद ठेवतो.

ड्रायव्हिंग लाइट निवडताना सगळ्यात जास्त वेळ गेला. खोक्यावर लुमेनचे आकडे बेफाम छापलेले असतात. ४० वॅटच्या लाइटवर २०,००० लुमेन लिहिलेलं दिसलं की तो खाली ठेवा. एलईडीतून प्रत्यक्षात वॅटमागे शंभरेक लुमेन निघाले तरी चांगले. आणि लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो कुठे पडतो ते त्यातून कळत नाही. लांबच्या उजेडाला बघायचं ते कँडेला, म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या झोताची ताकद. अंतराच्या वर्गाने उजेड घटतो: ४०,००० कँडेलाचा झोत २०० मीटरवर १ लक्स (त्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) देतो, आणि तेच ४०० मीटरवर हवं तर १,६०,००० लागतात. अंतर दुप्पट, ताकद चौपट. जाहिरातीतले '४०० मीटर' म्हणजे बहुतेक वेळा ही १ लक्सची रेषा. गवा की झुडूप हे ओळखायला तीनेक लक्स तरी हवेत, म्हणजे ४०० चे कामाचे २३०. थांबायच्या अंतरापुढे तेही पुष्कळ आहेत. म्हणून मी मोठ्या आकड्याच्या मागे गेलो नाही. काचेवर वर्तुळात ई आणि शेजारी आकडा असलेले, म्हणजे युरोपातल्या नियमाने तपासलेले, मध्यम ताकदीचे घेतले. दोन्हींचा झोत मधे लांब आणि कडेला थोडा पसरट. निव्वळ लांब फेकणारे स्पॉट आमच्या वळणांच्या रस्त्याला उपयोगाचे नाहीत, वळणावर ते शेतात उजेड पाडतात.

परदेशातून मागवणार असाल तर एक गोष्ट नक्की बघा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्या डिपरचा झोत डावीकडे थोडा वर चढतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला डिपर उजवीकडे चढतो, म्हणजे इथे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. फॉग लॅम्पचा झोत दोन्हीकडे सारखा असतो, तिथे ही अडचण नाही.

ड्रायव्हिंग लाइटचा रिले मी अप्परच्या वायरीवरून चालवला आहे, मधे डॅशबोर्डवर वेगळा स्विच. अप्पर असेल तरच ते लागतात, डिपर मारला की त्याच क्षणी अप्परचे दोन आणि हे दोन, चारही बंद. यात तडजोड करू नका. वायरमन सोपं पडतं म्हणून थेट स्विचवर जोडून देतात, आणि मग समोर गाडी आली की एक हात डिपरला, दुसरा स्विचला. कळे-साळवण रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला समोरून येत असताना त्याचे डोळे दिपले तर तो कुठे येणार? माझ्याच अंगावर. त्याला रस्ता दिसणं ही माझी गरज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमातही हेच आहे: पुढच्या दिव्याचा झोत असा खाली झुकलेला हवा की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही.

झोत लावायला सपाट जागा आणि भिंत पुरते. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी भिंतीपासून १० मीटरवर. डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली, फॉगची २० सेंटिमीटर. मागे मोटर लादली की बोलेरोचं नाक वर जातं आणि हे सगळं बिघडतं, म्हणून मी नेहमीचं वजन मागे टाकूनच झोत लावतो.

तक्रारीही आहेत. उजव्या फॉग लॅम्पमध्ये ऐन श्रावणात आतून दव धरलं. खोक्यावर आयपी६७ लिहिलं होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं. पण तापलेल्या दिव्यावर गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून ओल ओढून घेते, ही परीक्षा वेगळी. विक्रेत्याने बदलून दिला नाही. मी उघडून वाळवला, सिलिकॉनने पुन्हा बंद केला, त्यानंतर त्रास नाही. मागे हवेसाठी बारीक पडद्याचं छिद्र असलेला दिवा मिळाला तर तोच घ्या. दुसरं, ड्रायव्हिंग लाइटसोबत आलेला ब्रॅकेट पातळ होता. खराब रस्त्यावर झोत थरथरायचा, आणि थरथरता झोत डोळ्यांना फार त्रास देतो. उद्यमनगरात तीन एमएमच्या पट्टीचा नवा करून घेतला, खाली एक आधार दिला, प्रश्न मिटला. एलईडीला मात्र शंभर टक्के मार्क: वॅट कमी, अल्टरनेटरवर ताण नाही, अजून एकही चिप गेलेली नाही.

ओल्या डांबरी रस्त्यावर ड्रायव्हिंग लाइटचा उपयोग अर्ध्यावर येतो. पाण्याचा थर उजेड पुढे परतवतो, आपल्याकडे कमी येतो. तिथे वेग कमी करणं एवढंच हातात आहे. आणि काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या वाफेचा तेलकट थर दिवसा दिसत नाही, रात्री समोरून लाइट आला की सगळी काच दुधाळ होते.

हंगामात आणखी एक करतो. गाडीत लाल रिफ्लेक्टर टेपचा रोल असतो. गुऱ्हाळावर काम झालं की तिथे उभ्या ट्रॉल्यांना विचारून टेप लावून देतो. फाळक्यावर नाही, तिथे वाढे झाकतात. खाली चॅसिसच्या आडव्या पाइपवर, दोन्ही टोकांना आणि मधे, आधी चिखल पुसून. ही टेप उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, त्यामुळे साध्या डिपरवरही ट्रॉली कितीतरी लांबून कळते, मागच्या गाडीला जादा लाइट असोत वा नसोत. बैलगाडीवाल्यांनाही देतो. ते जुवाच्या मागे लावायला बघतात, त्यांना साट्याच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मागच्या कडेला लावायला सांगावं लागतं.