बंद फ्रिजची लाकूड सुकवायची भट्टी: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओल्या लाकडाचे वाडगे जाडसर कातून ठेवायचे, सुकले की पुन्हा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवायचे, हे कातकाम करणाऱ्यांना नवं नाही. जीव जातो तो मधल्या वाट पाहण्यात. कागदी पिशवीत गुंडाळून ठेवलं तर सहा महिने काय, वर्षही सहज लागतं. म्हणून बंद पडलेल्या फ्रिजच्या खोक्याची भट्टी केली. आत ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, थर्मोस्टॅट, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. खाली-वर एकेक भोक. एलईडी इथे चालत नाही, उजेड नकोय, ऊब हवीय. (फ्रिजमधला गॅस जाणकाराकडूनच काढून घ्या.)

वेळ वाचतो, यात वाद नाही. महिन्यांचं काम आठवड्यांत होतं. पण माझ्या मते या खोक्याचा खरा उपयोग ऊब देण्यापेक्षा ओलावा कोंडून धरण्यात आहे. वरचा थर आधी सुकला की आकसायला बघतो, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही आणि तडा जातो. त्यामुळे सुरुवातीला भोकं जवळजवळ बंद, तापमान ३० अंशांच्या आसपास. वाडग्यांचाच दमटपणा त्यांना सांभाळतो. पुढे भोकं हळूहळू उघडत ४० पर्यंत जायचं. पंखा मात्र पहिल्यापासून चालू हवा, नाहीतर बुरशी ठरलेली.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. तळाला पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं. आधी वजन भराभर उतरतं, तरी आकार फारसा बदलत नाही, कारण पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जात असतं. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली गेला की खरं आकसणं सुरू होतं, म्हणून भोकं उघडायची घाई तिथे नकोच. वजन उतरायचं थांबलं की वाडगा बाहेर.

गोल वाडगा लांबट होतोच. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड त्यांना आरपार (गाभ्याकडून सालीकडे) जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट आकसतं, त्याला भट्टी काय करणार? भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवा, २५ सेंटीमीटरला अडीच. खोडाच्या अगदी मधला गर आधीच कापून टाका. तो राहिला तर कुठलीही भट्टी वाचवत नाही.

तक्रार एकच, पण मोठी: अर्धवट सुकलेल्यांमध्ये नवा ओला वाडगा घालता येत नाही. पूर्ण घाणा एकदम लावावा लागतो. वर्षाला दोन-चारच वाडगे कातत असाल तर कागदी पिशवीच बरी. आणि बल्बला जाळी लावल्याशिवाय, तळातला भुसा झाडल्याशिवाय भट्टी रात्रभर चालू ठेवू नका.