नील यंग आर्काइव्ह्जची वर्गणी: कुणी भरावी आणि भरल्यावर ऐकावं कसं

नील यंग या कॅनेडियन रॉक गायक-गिटारवादकाची चार-पाच गाणी आवडतात एवढ्यावर ही वर्गणी भरू नका. ती गाणी दुसऱ्या ॲपवरही मिळतात. कोविडबद्दलच्या चुकीच्या माहितीवरून भांडून जानेवारी २०२२ मध्ये त्याने स्पॉटिफायवरचा आपला सगळा बाडबिस्तरा उचलला होता, तोही मार्च २०२४ मध्ये परत आला. फक्त हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने टिपलेल्या, आवाजासाठी भरणार असाल तरी जरा थांबा. २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा लॉसलेस (काही न गाळता पोचणारा) आवाज ॲपल म्युझिक २०२१ पासून जादा पैसे न घेता देतं. नील यंग आर्काइव्ह्ज ही साइट आणि तिचं ॲप आहे ते वेगळ्याच माणसासाठी: एखादं गाणं कोणत्या स्टुडिओत, कुणाला बरोबर घेऊन झालं आणि त्याच महिन्यात आणखी काय टेपवर उतरलं, हे कळल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्याच्यासाठी. अशा माणसाला याला तोड नाही.

साइट १ डिसेंबर २०१७ ला उघडली. सुरुवातीला सगळं फुकट होतं, मग वर्गणी आली: महिन्याला १.९९ किंवा वर्षाला १९.९९ डॉलर. त्यानंतर दर आणि सभासदत्वाचे प्रकार बदलत गेले, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे धरून बसू नका, पैसे भरायच्या पानावर दिसेल तोच खरा.

आत गेलं की समोर दिसतं ते जुन्या सरकारी कचेरीत असतं तसं फायलींचं कपाट. खण ओढायचा, फोल्डर काढायचं, आणि प्रत्येक गाण्याचं एक कार्ड. कार्डावर तारीख, जागा, वादक, निर्माता. काही कार्डांना हस्तलिखित शब्द, फोटो, बातम्यांची कात्रणं जोडलेली. दुसरा रस्ता म्हणजे टाइमलाइन, आणि खरी मजा तिथे आहे, कारण अल्बम बाजारात कधी आला यापेक्षा संगीत टेपवर कधी उतरलं यावर तिथे सगळं चालतं.

१९७१ चा हिवाळाच काढून बघा. १९ जानेवारीला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये तो एकटा वाजवतोय. तिथे ‘अ मॅन नीड्स अ मेड’ आणि ‘हार्ट ऑफ गोल्ड’ ही दोन गाणी पियानोवर एकाला एक जोडून येतात, दोन्ही तेव्हा अप्रकाशित. ३० जानेवारीला लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमधून ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ मिळतं, तेच रेकॉर्डिंग पुढे ‘हार्वेस्ट’ या अल्बममध्ये गेलं. फेब्रुवारीत जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी तो नॅशव्हिलला जातो आणि तिथल्याच क्वाड्राफॉनिक स्टुडिओत ‘हार्ट ऑफ गोल्ड’ उरकतो; मागे आवाज लिंडा रॉनस्टॅट आणि जेम्स टेलरचे. मग लंडन: बार्किंग टाउन हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा बोलावून ‘अ मॅन नीड्स अ मेड’. म्हणजे मॅसी हॉलमध्ये एका दमात वाजवलेल्या जोडगाण्यातला एक तुकडा स्टील गिटारवर नॅशव्हिलला गेला आणि दुसरा व्हायोलिनांच्या ताफ्यात लंडनला. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या रँचवरच्या गोठ्यात ‘अलाबामा’ आणि ‘वर्ड्स’ होतात, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये सगळं मिळून ‘हार्वेस्ट’ नावाने बाहेर येतं. मॅसी हॉलचा कार्यक्रम मात्र थेट २००७ मध्ये. दुसऱ्या ॲपवर ही गाणी सुटी ऐकता येतात, पण हा क्रम तिथे दिसत नाही.

‘टुनाइट्स द नाइट’चंही तसंच. अल्बम १९७५ चा. त्यातली बरीच गाणी ऑगस्ट-सप्टेंबर १९७३ मध्ये हॉलिवुडच्या एका रिहर्सल हॉलमध्ये झालेली. पण त्यातलंच ‘कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन’ टाइमलाइनवर शोधायचं तर मार्च १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला जावं लागतं. गातोय डॅनी व्हिटन, क्रेझी हॉर्स या नीलच्या साथीच्या बँडचा गिटारवादक. तो नोव्हेंबर १९७२ मध्ये गेला, आणि हा अल्बम बराचसा त्याच्या आणि ब्रूस बेरी या रोडीच्या (दौऱ्यात वाद्यं-सामान सांभाळणाऱ्याच्या) मृत्यूवर उभा आहे. अल्बम सरळ लावला की हे गाणं मध्येच इतकं उत्साही का, ते कळत नाही.

ज्याला चाहते ‘डिच’चा काळ म्हणतात, म्हणजे ‘हार्वेस्ट’च्या यशाकडे पाठ फिरवून केलेले तीन अल्बम, तो ऐकायला इथल्यासारखी सोय दुसरीकडे क्वचितच. ‘ऑन द बीच’ची सीडी यायला २००३ उजाडलं, ‘टाइम फेड्स अवे’ची तर २०१७. आता दोन्ही शेजारी बसलेले सापडतात. त्यांच्याच आसपास ‘होमग्रोन’: १९७४-७५ चं काम, बाहेर आलं २०२० मध्ये. आणि ‘हिचहायकर’: ऑगस्ट १९७६ मधली मॅलिबूतली एक रात्र, प्रकाशन २०१७. टाइमलाइनवर काही नोंदी नुसत्याच टांगलेल्या दिसतील, दाबलं तरी आवाज नाही. ॲप बिघडलेलं नसतं. ते संगीत अजून प्रसिद्ध व्हायचंय. नीलबुवांच्या हिशेबात ‘लवकरच’ म्हणजे दहा-पंधरा वर्षं, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

तक्रारीची जागा म्हणजे हेच कपाट. मोठ्या पडद्यावर देखणं दिसतं, फोनवर अंगावर येतं. अक्षरं बारीक, आणि एक गाणं लावायला खण, फोल्डर, कार्ड, मग बटण. चालता चालता पटकन काही लावायचं असेल तर वैताग येतो. पहिले काही दिवस लॅपटॉपवरच काढा, वाटा पाठ झाल्या की फोनकडे वळा. चित्रपट आणि मैफलींसाठी हर्स थिएटर नावाचं दालन आहे. तिथे कार्यक्रम आळीपाळीने लागतात, तेव्हा आज दिसलेली फिल्म पुढच्या महिन्यात असेलच असं धरू नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरच्या शेकोटीशी बसून गायलेल्या ‘फायरसाइड सेशन्स’ इथल्याच, कॅमेऱ्यामागे बायको डॅरिल हॅना. ‘टाइम्स-कॉन्ट्रेरियन’ या घरच्या वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं आणि त्याखाली त्याची एक-दोन ओळींची उत्तरं असतात. राजकारण नको असेल तर ते पान उघडू नका, हातचं राखून बोलण्याची त्याची रीत नाही.

आता आवाज. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात, आणि दोष साइटचा नसतो. २०१४ मध्ये किकस्टार्टरवर ६२ लाख डॉलर जमवून त्याने पोनो नावाचा तिकोनी प्लेअर काढला होता, किंमत ३९९ डॉलर. गाणी पुरवणारी भागीदार कंपनी २०१६ मध्ये विकली गेली, दुकान बंद पडलं आणि प्लेअरही मागोमाग गेला. त्यातून धडा घेऊन इथे सिंगापूरच्या ओरास्ट्रीम कंपनीचं तंत्र वापरलंय: नेट जेवढं देईल तेवढा आवाज, वेग पडला की दर्जा आपोआप खाली, वाढला की वर, गाणं न थांबता. सोबत एक खटका आहे, ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) आणि मास्टर (मूळ प्रतीचा पूर्ण दर्जा) यांत हवं ते निवडायला.

गणित असं. १९२ किलोहर्ट्झ गुणिले २४ बिट गुणिले दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला ९.२ मेगाबिट. लॉसलेस आकुंचनानंतर साधारण ५ ते ६ उरतात, म्हणजे तासाला सव्वादोन ते पावणेतीन जीबी. ‘हार्वेस्ट’ ३७ मिनिटांचा आहे. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर एकाच अल्बममध्ये दिवसाचा डेटा आटोपला समजा. ३२० वर तोच तास १४४ एमबीत बसतो. बाहेर असताना खटका ३२० वर आणि घरी वायफायवर मास्टरवर, हा साधा नियम पाळा. ऐकताना पडद्यावर चालू दराचा आकडा दिसतो, त्यावर नजर ठेवा. १९२ च्या अल्बमवर तो हजार-बाराशेवर अडकला असेल तर तुम्ही मास्टर ऐकत नाही आहात. राउटरजवळ या किंवा लॅपटॉपला केबल लावा.

आकडा पाच हजारांवर गेला म्हणजे कानापर्यंतही तेच पोचलं असं नाही. ब्लूटूथ लावला की खेळ खलास: आवाज आवळून पाठवायच्या त्याच्या पद्धतींपैकी साधी एसबीसी जेमतेम ३२८ केबीपीएस नेते, वरच्या दर्जाची एलडॅकसुद्धा ९९० च्या पुढे जात नाही. ॲपलचा छोटा हेडफोन डोंगल २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर थांबतो. बहुतेक अँड्रॉइड फोन येईल ते ४८ वर आणून पुढे ढकलतात. विंडोजवर ब्राउझरमधला आवाज सिस्टिमच्या ठरलेल्या दरावर बदलून बाहेर पडतो, म्हणून यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं छोटं उपकरण) लावल्यावर साउंडच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर जाऊन २४ बिट १९२००० निवडायचं. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअपमध्ये होतं. डॅक बदलला की सेटिंग पुन्हा तपासा, नवं उपकरण लावलं की ते बऱ्याचदा ४८ वर बसलेलं सापडतं. तारेचा बरा हेडफोन आणि साधा यूएसबी डॅक एवढं पुरे, महागड्या केबलींच्या नादी लागू नका.

खरं सांगायचं तर १९२ आणि ९६ यांतला फरक डोळे बांधून ओळखू शकणारे कान फार थोडे. जो फरक सहज कळतो तो टेपचा: मूळ मास्टर टेपवरून नव्याने काळजीपूर्वक केलेली प्रत एका बाजूला आणि सीडीच्या सुरुवातीच्या काळातली घाईची प्रत दुसऱ्या बाजूला. ‘आफ्टर द गोल्ड रश’च्या पियानोत हे पहिल्या मिनिटात कळतं. प्रत्येक अल्बमचा आकडा सारखाही नसतो. जे संगीत मुळातच डिजिटल यंत्रावर कमी दराने रेकॉर्ड झालं, ते आज कुठलंही तंत्र लावून वाढत नाही. तिथे छोटा आकडा दिसला तर तो साइटचा प्रामाणिकपणा समजा.

नवीन सिस्टिम तपासायला क्रेझी हॉर्सबरोबरचे अल्बम घेऊ नका. १९५३ ची लेस पॉल गिटार आणि जुना फेंडर डिलक्स ॲम्प यांचा तो फाटका, गुरगुरणारा आवाज मुद्दाम केलेला आहे, पण नवख्याला स्पीकर गेला असं वाटतं. १९८२ च्या ‘ट्रान्स’मध्ये गळा यंत्रातून आल्यासारखा लागतो, तो व्होकोडर. १९९१ चा ‘आर्क’ तर ३५ मिनिटं जवळपास नुसता फीडबॅक, म्हणजे गिटार आणि ॲम्पची एकमेकांत घुमणारी शिट्टी आणि गुरगुर, आहे. तपासणीला मॅसी हॉल बरा: एक गळा, एक गिटार किंवा पियानो, आणि सभागृहाचा श्वास.

भारतातून पैसे भरताना दोन अडचणी ठरलेल्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद असतील तर पहिलाच प्रयत्न फसतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा हवी तेवढीच ठेवा. दुसरी अडचण दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वसुलीची. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा वसुलीला आधी नोंदवलेली परवानगी लागते, आणि परदेशी विक्रेत्यांच्या बाबतीत ती बऱ्याचदा जुळत नाही. पहिला महिना जातो, दुसऱ्याला सभासदत्व तुटतं. त्यापेक्षा वर्षाची एकदम भरा आणि संपायची तारीख कॅलेंडरात टाका. डॉलरवर बँक साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावते, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. वार्षिक रकमेवर हे थोडंच होतं, पण कार्डावर आकडा वेगळा का दिसला म्हणून गोंधळू नका.

सभासदांना मैफलींची तिकिटं सर्वसाधारण विक्रीच्या आधी मिळतात. पुण्या-नागपुरातल्या माणसाला याचा काडीचा उपयोग नाही. न्यू जर्सी, बे एरिया किंवा लंडनला असलेल्यांची वर्गणी एका दौऱ्यात वसूल होते.

आर्काइव्ह्ज याच नावाने खंडाखंडाने निघालेला बॉक्ससेट घ्यावा की साइट? पहिला खंड २००९ चा, १९६३ ते १९७२ एवढा काळ, ब्लू-रेच्या आवृत्तीत १० डिस्क. दुसरा नोव्हेंबर २०२० चा, १० सीडी. त्याची डिलक्स आवृत्ती ३,००० च निघाली आणि हातोहात संपली. तिसरा सप्टेंबर २०२४ चा, मोठ्या आवृत्तीत १७ सीडी आणि ५ ब्लू-रे. नुसतं ऐकायचं असेल तर साइट पुरते, बॉक्समधलं बहुतेक संगीत तिथे आहे. पुस्तक आणि डिस्क हातात हव्या असतील तर ग्रीडी हँड स्टोअर हे त्याचं स्वतःचं दुकान आहे, पण पार्सल अमेरिकेतून निघतं. पाठवणावळ आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करा, आणि शक्य असेल तर तिकडून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत जागा मागून ठेवा.