केक कशावर चालवायचा: जुना डेस्कटॉप की एन१०० बॉक्स?

केक म्हणजे डेटाची रांग साचून इंटरनेट अडखळू नये म्हणून राउटरवर चालणारी रांग-व्यवस्था; एन१०० बॉक्स म्हणजे इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा छोटा संगणक. दोन्हींपैकी एकाला राउटर करायचं, तर ३०० एमबीपीएसच्या फायबरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) आणि केकसाठी ताकद दोन्हींत पुरेशी आहे. केक सहसा प्रोसेसरच्या एकाच कोरवर चालतो, त्यामुळे कोर मोजत बसू नका. केकमधली वेगमर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९०%, म्हणजे २७० एमबीपीएस ठेवा. पूर्ण ३०० ठेवलीत तर रांग पुन्हा मोडेमकडेच साचते.

खरा फरक विजेचा. ४० वॉटचा डेस्कटॉप महिन्याला २९ युनिट खातो, १० वॉटचा बॉक्स ७. पुण्यात गुरुवारी वीज गेली तर बॉक्स १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर तगतो. अँपिअर मात्र जुळवा, २ अँपिअरचा बहुधा कमी पडतो. अशा बॉक्सला बहुधा पंखा नसतो, एप्रिलात बंद कपाटात ठेवू नका.

डेस्कटॉपला दोन पोर्टांचं इंटेल नेटवर्क कार्ड घेतलेलं बरं. स्लिम कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीच्या पट्टीचंच घ्या.

डेस्कटॉप घरात पडून असेल, आधी शिकायचं असेल तर तोच वापरा. चोवीस तास चालवायचं तर बॉक्स.